मधले नाव

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की शिरढोण लागते. कर्नाळ्याचा सुळका तिथून जवळच. वर्गातली मुले घेऊन मी दरवर्षी शिरढोणला वासुदेव बळवंत फडके यांच्या वाड्यात जातो आणि त्यांचे घराणे सांगू लागतो. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली इंग्रजांनी गड घेतला. नातू वासुदेव ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मले, १८७९ साली बंड करून उठले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी दूर एडनच्या कैदेत निवर्तले.

यंदा मागच्या रांगेतल्या एका पोराने विचारले, "सर, मग वडील काय करत होते?"

मी चाचरलो. बळवंतराव हे नाव आपण इतक्यांदा उच्चारतो. पण नुसता सांधा म्हणून! गड गेलेल्या किल्लेदाराच्या घरात हा माणूस वावरला आणि बंडखोराचा बाप झाला. त्याच्या मनात काय काय उलथले असेल, ते कुणी विचारीत नाही. सरस्वतीबाई तरी गोष्टीत येतात, पण त्याही मरणापुरत्या. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरीला असलेल्या मुलाला वेळेवर रजा मिळाली नाही. तो घरी पोचला तेव्हा आई गेली होती.

घरी आल्यावर मी आमच्या वंशावळीची वही काढली. खापरपणजोबांपर्यंत सगळी नावे आहेत. माझ्या आजीचे नाही. आई फराळाला बसली होती. तिला विचारले.

करंजीला मुरड घालता घालता ती म्हणाली, "सासूबाईंचं होय? माहेरचं सांगू, की सासरचं?"