खंडूची चाल

पहाटे साडेपाचला दारामागच्या खुंटीवरून पट्टा काढला, की कडीचा आवाज ऐकून खंडू धावत येई. दहा वर्षे हा नेम क्वचितच चुकला. कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढायची, वेताळबाबाच्या देवळापाशी थोडे टेकायचे आणि खाणीकडून वळसा घालून परतायचे. माझी एक फेरी होईपर्यंत त्याच्या तीन होत. तो पुढे धावत सुटे, मी येते आहे ना हे पाहायला मागे येई आणि पुन्हा पुढे पळे. लॅब्रॅडॉर आणि गावठी यांचा हा संकर. खादाडपणा एकाकडून घेतलेला, चिवटपणा दुसऱ्याकडून.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या चालीत फरक पडला. तो माझ्या लक्षात आला नाही, असे म्हणणे खोटे होईल. लक्षात आला होता, पण त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. सकाळी उठताना तो पुढचे पाय रोवी, क्षणभर थांबे आणि मग मागचे अंग ओढून वर घेई. दहा-वीस ताठर पावले टाकली की मोकळा होई. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलू लागला होता. मला तो खोडकरपणा वाटला. मांड्या बारीक झाल्या होत्या आणि खांदे मात्र भरले होते, कारण शरीराचा भार तो पुढच्या पायांवर घेत होता. पण तो एकदाही विव्हळला नाही आणि टेकडीला एकदाही नाही म्हणाला नाही. जो धावतो त्याला दुखत नसणार, असा माझा समज. पट्टा दिसला की दुखरा कुत्राही उठतो, चेंडू दिसला की धावतो, आणि संध्याकाळी फरशीवर निपचित पडून राहतो. त्या संध्याकाळीही मी पाहत होते. ‘दमला बिचारा’ म्हणत होते.

मग एके दिवशी तो जिन्याच्या तळाशीच बसून राहिला. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, उद्वाहन नाही. आता जे लिहिणार आहे ते लिहिताना अजून लाज वाटते, पण हे पाक्षिक वाचणाऱ्या अनेकांच्या कपाटात तीच पाकिटे असतील, म्हणून लिहिते. माझ्या स्वतःच्या गुडघ्यांना सहा वर्षांपासून संधिवात आहे. दुखणे फार वाढले तर घ्यायला म्हणून डॉक्टरांनी डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दिलेल्या होत्या. आजार एकच, त्याचे वजन माझ्या निम्मे, म्हणून गोळीही निम्मी, असा हिशेब मी मांडला. लोण्यात घालून दिली. दुसऱ्या दिवशी तो जिना चढला आणि मला स्वतःचे कौतुक वाटले. चार दिवस दिली. पाचव्या दिवशी त्याने अन्नाला तोंड लावले नाही, दोनदा ओकला, आणि त्याची शी डांबरासारखी काळी झाली.

“काकू, हा काळा रंग म्हणजे पोटात पचलेले रक्त आहे,” पशुवैद्य म्हणाले. ते रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की ही औषधे शरीरात वेदना आणि सूज निर्माण करणारी द्रव्ये अडवतात; पण त्याच कुळातली द्रव्ये जठराचे अस्तर जपतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. माणसाला चालणारी मात्रा कुत्र्याच्या पोटात व्रण पाडू शकते, मूत्रपिंडे निकामी करू शकते. आयबुप्रोफेनचेही तसेच. पॅरासिटामॉल वेगळ्या वाटेने, यकृतावर आणि रक्तावर घाव घालते.

गिधाडांची हकीकत मी वाचलेली होती, याचे मला अधिक वाईट वाटते. डायक्लोफिनॅक दिलेली गुरे मेली की त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे बंद पडत आणि ती थव्यांनी मरत. म्हणून २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. ही बातमी मी चहाच्या वेळी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. कपाटातल्या पाकिटावरचे नाव मात्र त्या बातमीशी कधी जोडले गेले नाही.

तीन दिवस सलाइन लावावे लागले. मूत्रपिंडाच्या तपासणीतले आकडे वाढले होते, ते हळूहळू खाली आले. क्ष-किरण चित्रात दोन्ही खुबे आणि उजवा गुडघा झिजलेला दिसला. सांध्यांच्या कडांना हाडाची टोके वाढली होती. ही झीज भरून येत नाही. पोटातला व्रण भरेपर्यंत तशा जातीचे कोणतेही वेदनाशामक द्यायचे नव्हते, दुसऱ्या प्रकारचे एक औषध तेवढे दिले. त्या सक्तीच्या सहा आठवड्यांत औषधाखेरीज काय काय करता येते ते आम्ही शिकलो. गोळी हाताशी असती तर कदाचित शिकलो नसतो.

पहिली गोष्ट वजनाची. खंडू ३३ किलो भरला. २८ हवे होते. “मी तर एकच पोळी घालते,” मी म्हटले. मग घरात चौकशी झाली. हे सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटे देत. सूनबाई डबे भरताना पोळीचे काठ देई. कामाच्या मावशी येताना भाकरीचा तुकडा आणीत. प्रत्येकाचे प्रेम चिमूटभर, आणि बेरीज पाच किलोंची! आता सकाळी त्याचा दिवसभराचा शिधा मोजून एका स्टीलच्या डब्यात भरतो. ज्याला माया करायची असेल त्याने त्या डब्यातून करावी. डबा संपला की दिवस संपला. पाच महिन्यांनी काटा २८ वर आला. घरच्या घरी पाहायचे तर आपल्या हाताच्या पाठीवरून बोटे फिरवताना हाडे जशी जाणवतात, तशा त्याच्या बरगड्या जाणवायला हव्यात.

दुसरी गोष्ट फरशीची. नूतनीकरणात हौसेने बसवलेल्या गुळगुळीत टाइल्सवर त्याचे मागचे पाय फाकत, आणि दर वेळी सांध्याला हिसका बसे. मी सतरंजी घातली, तर ती त्याच्यासकट घसरली. शेवटी खालून रबर असलेल्या चटया त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग टाकल्या. नखे कापली, तळव्यांच्या गाद्यांमधले केस कातरले. जिन्यावर जुना पंचा त्याच्या पोटाखालून घेऊन दोन्ही टोके वर धरायची, म्हणजे मागचा भार आपल्या हातावर येतो. ते मुलगा करतो. माझ्या गुडघ्यांना ते झेपणारे नाही. जाता जाता सांगते, चटया टाकल्यापासून मीही स्वयंपाकघरात भिंतीला हात लावत जात नाही.

सर्वांत अवघड होते ते फिरणे. मला वाटले होते, विश्रांती सांगतील. पशुवैद्य म्हणाले, चालणे थांबवले तर स्नायू जातील, आणि सांधा सावरून धरणारे तेच आहेत. पण पट्ट्यावर, सपाटीवर, पंधरा मिनिटे, दिवसातून तीनदा, आणि रोज सारखे. चेंडू बंद, कारण धावता धावता गर्रकन वळणे आणि एकदम थांबणे सांध्याला सर्वांत महाग पडते. चौथ्या आठवड्यात नातू सुट्टीला आला. खंडू टुकटुकीत दिसत होता, म्हणून दोघे टेकडीवर गेले. नातू परत येऊन म्हणाला, “आजी, तो मस्त पळाला!” दुसऱ्या दिवशी खंडूला उठवेना, तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हापासून मी वही ठेवली आहे. किती मिनिटे चाललो आणि दुसऱ्या सकाळी उठायला त्याला किती वेळ लागला, एवढेच लिहिते. सकाळ जड गेली, तर आदल्या दिवशीचे चालणे जास्त झाले, असे धरायचे. फिरतानाच्या त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

रक्ततपासणी ठीक आल्यावर मेलॉक्सिकॅम सुरू झाले. जनावरांसाठीचे पातळ औषध, वजनाप्रमाणे मोजून, भरल्या पोटी, दिवसातून एकदा. सोबत दुसरे वेदनाशामक किंवा स्टेरॉइड द्यायचे नाही, उलटी किंवा काळी शी दिसली तर ताबडतोब बंद करून फोन करायचा, आणि दर काही महिन्यांनी मूत्रपिंड व यकृत तपासून घ्यायचे. माशाच्या तेलाची मात्राही त्यांनीच ठरवून दिली. सांध्यांसाठी मिळणाऱ्या भुकट्यांबद्दल म्हणाले, “द्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका.” थंडीत खुब्यांवर दहा मिनिटे कोमट शेक देतो, आपल्या मनगटाला सोसेल तेवढाच. माझे मलम मात्र लावत नाही. तो ते चाटणार, आणि ते पोटात जायला नको.

खंडू आता साडेअकरा वर्षांचा आहे. टेकडीच्या पायथ्यापर्यंत रिक्षाने जातो. तो चढताना-उतरताना त्याला आधार द्यायला रिक्षावाले दादाही शिकले आहेत. सुरुवातीच्या सपाट पट्ट्यावर आम्ही दोघे सारख्याच वेगाने चालतो. चढ सुरू होतो तिथे एक दगड आहे, त्यावर मी बसते. तो वरच्या वाटेकडे पाहत उभा राहतो, कान टवकारतो, माझ्याकडे वळून बघतो. मी घड्याळ पाहते. आठ मिनिटे झालेली असतात. मग मी पट्टा हलकेच ओढते आणि आम्ही परत फिरतो.