गोरेगावचा दिवाळसण

गोरेगावला निघालो आहोत, असे सांगितले की पुण्यातले आमचे शेजारी हमखास विचारतात, "पूर्वेला की पश्चिमेला?" आमचे गोरेगाव या दोन्ही बाजूंना नाही. तिथे लोकल थांबत नाही आणि सिनेमाचे चित्रीकरणही चालत नाही. आमचे गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात आहे. १९९९ सालच्या १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. पण आत्याच्या पत्रांवर त्यानंतरही कितीतरी दिवस "जिल्हा परभणी" असेच लिहिलेले असे.

ही आत्या म्हणजे माझी दुसरी आईच. आई लहानपणीच गेली आणि मी आत्याच्या ओसरीवर वाढलो. तेव्हा २०२४ साली आमच्या कन्येचे लग्न झाले आणि पंच्याऐंशी वर्षांच्या आत्याने फोनवरून फर्मान काढले, "जावयाचा पहिला दिवाळसण माझ्या घरी," तेव्हा नाही म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती. मी म्हटले, "येतो." तिने विचारले, "जावायाला काय आवडतं?" मी म्हटले, "काहीही चालेल." वाचकहो, माझी चूक झाली ती नेमकी इथे.

कारण आमच्या घरात काहीही चालत नाही. कन्येला गहू चालत नाही. पाच वर्षांपूर्वी अंगातले रक्त सतत कमी होऊ लागले, पोट कायम बिघडलेले राहू लागले आणि तपासण्यांअंती सिलिॲक नावाचा रोग निघाला. गव्हात ग्लुटेन म्हणून जे चिकट द्रव्य असते, त्याने या रुग्णांचे आतडे सोलवटून निघते. त्यावर उपाय एकच: गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य. चिमूटभर कणीकही चालत नाही. आता जावयांचे ऐका. गृहस्थ स्वभावाने गरीब, पण व्हीगन. दूध, दही, तूप, मध, जनावरापासून आलेले काहीच घेत नाहीत. पुरणपोळी आणि तूप! दिवाळसणाच्या ताटातले हे दोन मुख्य मानकरी आमच्या दोघा उत्सवमूर्तींनी असे वाटून नाकारलेले होते.

पण मी निर्धास्त होतो. त्याचे कारण असे की त्याच वर्षी मे महिन्यात आम्ही युरोपात पंधरा दिवस काढून, उपाशी न राहता परत आलो होतो.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त हॉलंडात हेग शहरी असतात. जाताना सौभाग्यवतींनी अर्धी पेटी राजगिऱ्याच्या लाडवांनी आणि वरईच्या पिठाने भरली होती. पाव आणि चीज यांवर जगणाऱ्या मुलुखात या दोघांचे कसे व्हायचे, ही तिला चिंता. पहिले दोन दिवस तसे जडच गेले. रस्त्यावर तळलेल्या बटाट्याची गाडी दिसली म्हणून धावलो, तर विक्रेत्याने आपणहून सांगितले की, याच तेलात पावाचा चुरा लावलेले वडेही तळतो, तेव्हा ताईंनी घेऊ नये. सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी लोकांची तिथे मोठी वस्ती आहे. १८७३ पासून मळ्यांवर मजुरीसाठी नेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या दुकानातून फोडणीचा वास आला आणि जीव हरखला. पण तिथली रोटी मैद्याची! इंडोनेशियन खाणावळीत दाण्याची चटणी आणि सोयाबीनचे पदार्थ पाहून जावईबापू खूष झाले, तर तिथल्या काळ्या सोया रसात गहू निघाला. घरच्यासारखे जे जे दिसे, ते ते हिला बाधणारे ठरे.

तिसऱ्या दिवसापासून मात्र आम्ही शहाणे झालो. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून असा कायदा आहे की, बाधू शकणारे चौदा जिन्नस वेष्टनावर ठळक छापायचे आणि खाणावळीतही विचारल्यास सांगायचे. एका किलोत वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नसेल, तरच "ग्लुटेनमुक्त" म्हणायचे. त्यामुळे कन्येने कागद पुढे करावा, वाढप्याने तो आत नेऊन आचाऱ्याला दाखवावा आणि परत येऊन हो की नाही ते सांगावे. कोणाच्या कपाळाला आठी नाही. पैसे मात्र मोजावे लागत. तिच्या पावाची लहानशी वडी साध्या पावाच्या कितीतरी पट महाग!

चिरंजीवांनी तिथे एक हकीकत सांगितली. याच हेग शहरात बालरुग्णालयात विलेम डिके नावाचे डॉक्टर होते. सिलिॲक झालेली मुले त्यांच्याकडे खंगून येत. पाव खाल्ला की मुले बिघडतात, असा संशय त्यांना आधीपासून होता. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धात, जर्मनांनी अन्नाची वाट अडवली. पाव मिळेना, माणसे ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागली. सारे गाव रोडावत असताना ही आजारी मुले मात्र सुधारू लागली! पुन्हा पाव आला आणि मुले पुन्हा पडली. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा गुन्हा मांडला. योगायोग असा की "व्हीगन" हा शब्दही त्याच १९४४ साली, समुद्रापलीकडे इंग्लंडात, डोनल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रमंडळींनी काढला. म्हणजे आमची कन्या आणि जावई यांची पत्रिका त्याच वर्षी जुळून गेली होती, असे म्हणायला हरकत नाही.

असे हेग जिंकून आल्यावर गोरेगावची काय कथा, असे मला वाटले. हिंगोलीहून एस.टी.ने निघालो. दुतर्फा हळदीची पाने वाऱ्यावर डोलत होती. हिंगोली आणि वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ. खळ्यांवर सोयाबीनच्या राशी पडल्या होत्या. माझ्या लहानपणी या दिवसांत इथे दोन पुरुष उंच ज्वारी उभी असे आणि आम्ही पोरे तिच्यात हरवत असू. ज्वारीची शेते आता मोजकीच दिसली. पण ज्वारीचा मुलूख तो ज्वारीचाच. तिथे भाकरी मिळेल, दाण्याची चटणी मिळेल, करडईचे तेल मिळेल. दोघांनाही काही कमी पडणार नाही, असा हिशेब मी मनाशी मांडला.

वाड्यात पाऊल टाकले आणि पुरणाचा वास आला. आत्या दोन दिवस खपत होती. परातीत पिवळीधमक कणीक तिंबून ठेवलेली, शेजारी लोणकढ्या तुपाची बरणी. "जावायासाठी खास शरबती गहू आणवला रे," ती मला म्हणाली. तिचे ते थकलेले, हसरे तोंड पाहून माझी बोबडी वळली. हेगच्या वाढप्यासमोर कागद नाचवणारा मी आत्यापुढे मुका झालो.

का, ते सांगायला हवे. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. अमेरिकेहून आलेली लाल मायलो ज्वारी आम्ही खात होतो आणि खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटत होते. त्या दिवाळीत आत्याने कुठून तरी मूठभर गहू मिळवला आणि एकच पोळी लाटली. ती तिच्या स्वतःच्या लेकरांनाही न देता माझ्या ताटात वाढली. आईवेगळे लेकरू म्हणून. आमच्या भागात त्या काळी गव्हाची पोळी सणालाच होई. भाकर रोजची, पोळी मानाची. त्या पोळीला आता मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो?

पाने मांडली. आत्याने पहिली पोळी कन्येच्या ताटात वाढली. कन्येने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "बाबा, एक घास खाते. आजीला वाईट नको वाटायला." साखरपुड्याच्या वेळी असाच एक घास तिने कोणाच्या तरी आग्रहाखातर खाल्ला होता आणि पुढचे आठ दिवस अंथरुणात काढले होते. तिचा हात ताटाकडे गेला. तेव्हा कुठे माझी जीभ सुटली. मी म्हटले, "आत्या, थांब. तिला गहू चालत नाही. आणि यांना तूप."

आत्या उलथने हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "काऊन रे बापू, मग फोनवर सांगायला काय झालं व्हतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मग ती माझ्याकडे पाठ फिरवून थेट नातीला म्हणाली, "पथ्य हाय का माय तुला?"

हेगमध्ये आम्हाला जे सांगायला एक आख्खा कागद लागत होता, ते या एका शब्दात मावले. पथ्य! आपल्याकडे पथ्य करणाऱ्याला कोणी खोटा आग्रह करत नाही. मग आत्या जावयांकडे वळली. "आन् तुमी? काशीला जाऊन सोडलं का दूध-तूप?" काशीला गेले की आवडीचा एक जिन्नस सोडून यायचा, हे तिला ठाऊक होते. जावई क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, "तसंच समजा आजी. गाईम्हशींसाठी सोडलं." आत्याने मान हलवली. "सोडलं म्हणजे सोडलं. मोडू नका." थोड्या वेळाने मात्र पुटपुटली, "आमच्या नर्सीचे नामदेव कोरडी पोळी नेणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले. आन् मी जावायाला कोरडं वाढू?"

आता भाकरी थापली की काम झाले, असे मला वाटले. पण कन्येने भीतभीत विचारले, "आजी, पीठ कुठून दळून आणलं?" गावच्या गिरणीतून. आणि तिथे गव्हामागून ज्वारी त्याच दगडांवर दळतात! हिंगाच्या डबीवरचे बारीक अक्षर तिने वाचले, तर त्यातही मैदा. बाजारचा हिंग बहुधा पिठात मळलेला असतो, हे किती गृहिणींना ठाऊक असते? आत्या म्हणाली, "हिंगाचं काय एवढं? लसूण हाय की." आणि पिठासाठी तिने कोपऱ्यातले जुने जाते बाहेर काढवले. लग्नातल्या मुहूर्तापलीकडे ते आता कोणी ओढत नाही. धुऊन, उन्हात वाळवून, पहिल्या दोन मुठींचे पीठ म्हशीपुढे टाकून ती आणि नात समोरासमोर बसल्या. दुपारभर वाड्यात घरघर चालली होती.

संध्याकाळी चुलीपाशी बसून कन्या भाकरी शिकली. उकळते पाणी घालून पीठ मळायचे, कारण ज्वारीला गव्हासारखा चिकटा नाही. म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात. पीठ जुने झाले की विरी जाते आणि भाकरी फाटते. ही सारी कारागिरी मुळात ग्लुटेन नसल्यामुळे जन्माला आली आहे, हे मला साठी उलटल्यावर त्या चुलीपुढे कळले! ताटात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण, जवसाची चटणी आणि तुपाच्या जागी करडईच्या तेलाची धार होती.

आणि गोड? आत्याने करडई भिजवून पाट्यावर वाटली, फडक्यातून तिचे पांढरेशुभ्र दूध गाळले आणि त्यात गूळ घालून ज्वारीच्या कण्या शिजवल्या. "म्हैस आटली की माझी सासू करायची," ती म्हणाली. "गरिबाची खीर. पाव्हण्याला कधी वाढली नव्हती." जावयांनी तीन वाट्या खाल्ल्या. आत्या पदराआडून त्यांच्याकडे पाहत राहिली. तोंडदेखले खाणारा माणूस तिला लगेच ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी बोलावणे झाले. तिथे सगळे ताट गव्हाचे. आता तिथेही रोज पोळीच होते, ज्वारी महाग झाली, असे यजमानीणबाई सांगत होत्या. सोयाबीनला पैसा आहे, ज्वारीला पाखरे लागतात आणि राखण करायला माणूस नाही. त्यांचेही खरेच होते. २०२३ हे साल जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. शहरांत भाकरीला मान आला, पण ती जिथली, तिथल्या ताटातून मात्र ती उठत चालली आहे. या वेळी मी आधीच हात जोडून सांगून टाकले, "आमच्याकडे दोघांना पथ्य आहे." बाईंनी लगेच भाजलेले शेंगदाणे आणि गूळ पुढे ठेवला. एवढे सोपे होते ते! जगात कुठेही पोटभर जेवायचे, तर आधी तोंड उघडून सांगावे लागते. हेगला मी ते परक्यांपाशी शिकलो होतो, पण आपल्या माणसांपाशी ते अवघड जाते. ती आपल्याला काय देत आली, हे आपल्याला ठाऊक असते ना!

निघताना आत्याने जात्यावर दळलेल्या पिठाचे एक गाठोडे कन्येच्या हाती दिले. वर शिवाय दहा किलो ज्वारी. नातवाकडून तिने पिशवीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले होते: "गहू नाही." मला मात्र म्हणाली, "पुढच्या वेळी फोनवर खरं सांगत जाय रे. पोळीची काय मिजास हाय? तवा भाकर नव्हती, म्हणून पोळी वाढली व्हती."