आकाशात बॅटरी उतरली तर?

घरी बांधलेल्या विमानाची गोष्ट निघाली की मुलांचे लक्ष पंखांकडे आणि इंजिनाकडे जाते, वायरिंगकडे कोणी पाहत नाही. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. तेव्हा आमच्या विज्ञान मंडळात मुख्य चर्चा झाली ती ते गच्चीवरून खाली कसे उतरवले याचीच!

गेल्या दिवाळीत शाळेचे एक माजी विद्यार्थी इंदूरला आले होते. ते अमेरिकेत नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये दोन आसनांचे विमान किटवरून जोडत आहेत. आमच्या आग्रहावरून त्यांनी विमानाच्या वायरिंगचा नकाशा फळ्यावर काढून दाखवला. मागच्या बाकावर त्यांच्या मातोश्री बसल्या होत्या. त्यांनी मध्येच विचारले, “अरे, पण वर गेल्यावर बॅटरी उतरली तर?”

मुले हसली. आम्हाला मात्र त्या दुपारचा सर्वांत नेमका प्रश्न हाच वाटला.

“आई, इंजिन बंद पडणार नाही,” ते म्हणाले, आणि का ते समजावून सांगितले. त्यांचे इंजिन रोटॅक्स ९१२ जातीचे, ८० अश्वशक्तीचे आहे. त्यात ठिणगी देणारी दोन स्वतंत्र मंडले असून त्यांना वीज इंजिनातल्याच वेगळ्या वेटोळ्यांतून मिळते. बॅटरी लागते ती इंजिन सुरू करायला. ही युक्ती जुनीच आहे. १९०३ साली राइट बंधूंनीही इंजिन सुरू करण्यापुरती बॅटरी वापरून ती जमिनीवरच ठेवली होती, उड्डाणात ठिणगी मॅग्नेटो देत होता. पण याच घराण्यातले २०१२ मध्ये आलेले ९१२ आयएस इंजिन वेगळे आहे. त्यात इंधनाचे आणि ठिणगीचे नियंत्रण संगणकाकडे असल्याने विजेवाचून ते चालत नाही. म्हणून त्याला दोन जनित्रे दिली आहेत. तेव्हा मातोश्रींच्या प्रश्नाला सगळ्या विमानांसाठी एकच उत्तर नाही.

इंजिन चालू राहिले तरी बाकीचे काय? साध्या ९१२ चे जनित्र सुमारे २५० वॉट देते, म्हणजे अश्वशक्तीचा एक तृतीयांश. १४ व्होल्टला भागले तर १८ अँपियरच्या आत. त्यात रेडिओ, ट्रान्सपॉन्डर, पडद्यावरची उपकरणे, दिवे, विजेवरचा इंधनपंप आणि बॅटरीचे चार्जिंग हे सारे बसवायचे. जुना १०० वॉटचा लँडिंग दिवा एकटाच सात अँपियर खातो. एलईडी आल्यापासून बांधणाऱ्यांचा जीव बराच भांड्यात पडला आहे.

आता जनित्रच बंद पडले असे समजा. उरते ती बॅटरी, आणि तीही लहान, कारण विमानात प्रत्येक किलो मोजावा लागतो. अमेरिकेतील रॉबर्ट नकल्स यांनी ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या पुस्तकात हौशी बांधणाऱ्यांना यावर एक मार्ग सांगितला आहे. अगदी गरजेची उपकरणे वेगळ्या पट्टीवर जोडायची आणि तिला बॅटरीकडून स्वतःच्या स्विचची वाट द्यायची. जनित्र गेले की मुख्य पट्टी बंद करायची आणि या पट्टीवर विमानतळ गाठायचा. आमच्या पाहुण्यांनी त्या पट्टीवर रेडिओ, एक पडदा आणि पंप एवढेच ठेवले आहे. त्यांचा भार चार अँपियर. मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट त्यावर नाही, हे ऐकून नववीच्या मुलांना वाईट वाटले.

फ्यूजबद्दल त्यांनी सांगितलेली गोष्ट पालकांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फ्यूज यंत्र वाचवायला नसतो, तारेला आग लागू नये म्हणून असतो. घरी फ्यूज उडाला की जाड तार घालणारे महाभाग आपल्याकडे थोडे नाहीत!

“चार अँपियर, बॅटरी बारा अँपियर-अवरची, म्हणजे तीन तास,” असे एका मुलीने चटकन सांगितले. पाहुणे म्हणाले, “कागदावर तीन. मी दीडच धरतो, आणि बॅटरी दर दोन वर्षांनी बदलतो.”

तो दीड कुठून आला हे पाहायला आम्ही प्रयोगशाळेत मोटरसायकलची वापरलेली ९ अँपियर-अवरची बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि तिच्यावर ३५ वॉटचा बल्ब लावला. हिशेबाने तीन तास मिळायला हवे होते. साडेदहा व्होल्टला ती एक तास वीस मिनिटांतच आली. भार वाढला की बॅटरी आपली छापील क्षमता पूर्ण देत नाही, आणि वय झाले की आणखीच कमी देते. दुसरी बॅटरी बाहेरून तशीच दिसत होती, तिने दोन तास दिले.

पुढच्या सत्रात अशा दहा बॅटऱ्या तपासायच्या आहेत. पालकांनी काढून टाकलेल्या, पण न फुगलेल्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्या खरेदीचे वर्ष चिकटवून शनिवारी प्रयोगशाळेत आणून द्याव्यात. मुलांच्या हाती देऊ नयेत, आत आम्ल असते.