आठ बाय बेचाळीस

विटा आणि आसपासच्या गावांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यानं देशभर पांगलेली. सणासुदीला गावी येताना कोण काय घेऊन येईल याचा नेम नसतो. मला पक्षी बघायचा नाद आहे हे ध्यानात ठेवून आमच्या दाजींनी दिल्लीहून दुर्बीण आणली. लालभडक चकाकणाऱ्या काचा आणि अंगावर ठळक अक्षरांत '२० × ५०'. "आता मायणीच्या तळ्यातला मासासुद्धा दिसंल बगा," म्हणत त्यांनी ती माझ्या गळ्यातच घातली.

मायणी विट्यापासून वीसेक किलोमीटर. तालुका खटाव, जिल्हा सातारा; पण विटेकरांना ती कधी परकी वाटली नाही. हिवाळ्यात तिथं आणि येरळवाडीच्या तलावावर पाहुणे पक्षी उतरतात. रोहित आले की त्या भागात बातमीच होते. दाजीही हौसेनं बरोबर आले. पुरतं उजाडायच्या आत आम्ही काठावर होतो. वीसपटीच्या दुर्बिणीतून सगळं पाणी करडं आणि थरथरतं दिसत होतं. मोठ्या मिनतवारीनं एखादं बदक सापडायचं आणि श्वास घेतला की निसटायचं. मग बरोबरच्या मास्तरांनी त्यांची आठ बाय बेचाळीस पुढं केली. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं पिवळं टोक स्वच्छ दिसलं, चिखलात उभ्या शेकाट्याचे गुलाबी पायसुद्धा. दाजींनी ती उलटसुलट करून बघितली. "आरं, ही तर आठाचीच हाय की!"

यातला हिशेब शाळेतल्या भागाकाराएवढा आहे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. ५० भागिले २० म्हणजे अडीच; ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. एवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. अंधूक प्रकाशात बुबुळातली बाहुली पाचेक मिलिमीटर उघडते, तिला अडीचचा झोत कसा पुरणार? भर दुपारी मात्र तीच बाहुली दोन-तीनवर आकसते, त्यामुळं दुकानात दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात आणि गिऱ्हाईक मोठ्या आकड्याला भुलतं. लाल काचेचंही तेच. ती लाल रंग बाहेर परतवते, म्हणून आतलं दृश्य हिरवट-निळसर पडतं. शिवाय पट वाढली की हाताची थरथरही तेवढ्याच पटीनं वाढते, आणि आमच्या माळावरचा वारा काही कुणाचा हात स्थिर ठेवू देत नाही.

अमेरिकेतल्या भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो हसला. त्याच्या ऑफिसातला एक गडी रानटर्कीच्या शिकारीला जातो. वसंतातल्या शिकारीत तिकडं बहुतेक ठिकाणी छातीवर दाढीसारखा राठ झुपका असलेलाच पक्षी मारायची मुभा असते. तेव्हा पहाटेच्या झाडीत आधी तो झुपका दुर्बिणीनं पक्का करावा लागतो. तो गडीही आठपटीचीच वापरतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं मोर काय, तित्तर काय, मारणं गुन्हा. ते बरंच आहे. पण पहाट, झाडी आणि बुजरा पक्षी ही अडचण दोघांची एकच.

झाडीचा प्रश्न मला सागरेश्वरला कळला. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरावर माणसांनी उभं केलेलं हे जंगल, १९८५ साली अभयारण्य झालेलं, जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. तिथं पक्षी लांब नसतो, पण फांदीवर दोन क्षण टिकत नाही. आठपटीला आवाका मोठा, म्हणून तो चटकन सापडतो. दहापटीत आधी फांदी शोधण्यातच वेळ जातो. तळ्यावर दहा बाय बेचाळीस चालते, हात स्थिर असला तर. फारच लांबचं बघायचं तर तिवईवरचा स्पॉटिंग स्कोपच हवा.

चष्मेवाल्यांनी एक गोष्ट जरूर बघावी. डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली फिरवून, चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो का? डोळा काचेपासून पंधरा-सोळा मिलिमीटर लांब ठेवूनही सगळं दिसलं पाहिजे, नाहीतर कडा कापल्या जातात. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्याचं चित्र नीट करायचं, आणि डावा मिटून उजव्या नळीवरच्या कड्यानं उजव्याचं. पुष्कळ जण हे कडं कधी फिरवतच नाहीत आणि डोकं दुखतं म्हणून दुर्बीण कपाटात टाकतात. काचेवरची धूळ आधी फुंकणीनं उडवावी. उपरण्यानं खसाखसा पुसलीत तर लेप गेलाच समजा.

दाजींची दुर्बीण आता पोरांकडं आहे. गच्चीवरून ती दुपारची घारी बघतात, त्याला ती पुरते. तुम्ही घेणार असाल तर आठ बाय बेचाळीस घ्या, वजन सोसत नसेल तर आठ बाय बत्तीस. आणि पैसे मोजायच्या आधी कुणाची तरी मागून घेऊन एकदा तांबडं फुटायच्या वेळी तळ्यावर जाऊन या.