सुटीपूर्वींचें सूचनापत्रक

सहामाही परीक्षा आटोपली, उत्तरपत्रिका तपासून झाल्या आणि पहिल्या सत्राचा शेवटचा दिवस उजाडला, म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेंतील प्रत्येक मुलाच्या दप्तरांतून एक कागद घरीं जातो. त्यास सूचनापत्रक म्हणतात. तें लिहिण्याचें काम कांहीं वर्षें प्रस्तुत लेखकाकडे आहे. त्यामुळें त्या कागदाचें पुढें काय होतें हें जाणण्याची त्यास साहजिकच उत्सुकता असते. बऱ्याच घरीं तो दिनदर्शिकेच्या खिळ्यास अडकतो, कांहीं घरीं त्याची होडी होते, आणि कांहीं दप्तरांच्या तळाशीं तो दुसरें सत्र उघडेपर्यंत सुखानें निद्रा घेतो. याबद्दल तक्रार नाहीं. सूचना वाचण्यांत गोडी ती काय असणार! परंतु एखादी सूचना कां लिहावी लागली हें एकदां कळलें, म्हणजे ती पाळण्याचा कंटाळा येत नाहीं. म्हणून या वार्षिक अंकाच्या निमित्तानें पत्रकामागील हकीकत पालकांस व बालवाचकांस सांगण्याचें योजिलें आहे.

पत्रकाच्या आरंभीं नेहमींचा मजकूर असतो. शाळा कोणत्या दिवशीं उघडेल. प्रगतिपुस्तकावर पालकांनीं सही करून तें पहिल्याच दिवशीं परत पाठवावें. गणवेशाच्या तुटलेल्या गुंड्या सुटींत लावून घ्याव्या. पावसाळ्यांत वर्गांत राहून गेलेल्या छत्र्या व डबे ओळखून न्यावे. छत्र्या विसरणारीं मुलें पुष्कळ आहेत, परंतु आपली छत्री ओळखणारें मूल क्वचितच सांपडतें! मग ख्रिस्ती कुटुंबांसाठीं दोनतीन ओळी येतात. सुटी शाळेस आहे, रविवारच्या मिस्सेस नाहीं. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन बहुधा सुटीच्या सुमारास येतात. तेव्हां मुलांना बरोबर नेऊन घरच्या वडीलधाऱ्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावावी. नाताळच्या गोठ्यासाठीं लागणारें वाळलें गवत आतांपासून जमवून ठेवावें. येथवरचें पत्रक पुण्यांतील किंवा वसईंतील कोणत्याही शाळेस चालेल.

यापुढील ओळी मात्र जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्याच आहेत. त्यांतील पहिली अशी: “दिवस मावळण्यापूर्वीं मूल घराच्या आंत असावें. अंधारांत तें एकटें अंगणांतही जाऊं नये.”

या ओळीचें मूळ आपल्या जमिनींत व पाण्यांत आहे. पश्चिमेस सह्याद्रीची रांग. तेथून कुकडी, मीना, घोड, आर व पुष्पावती या नद्या पूर्वेस उतरतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत या खोऱ्यांत धरणें बांधण्यास आरंभ झाला, आणि माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे व डिंभे अशीं पांच धरणें मिळून कुकडी प्रकल्प उभा राहिला. कालवे आले, कालव्यांमागून ऊंस आला, आणि उंसाबरोबर निवृत्तिनगरचा विघ्नहर व दत्तात्रयनगरचा भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आले. आपल्या घरांत जें चार पैशांचें सुख आहे, मुलांच्या अंगावर जो नीटनेटका गणवेश आहे, त्यांत या पाण्याचा वांटा फार मोठा आहे हें कोणी नाकारणार नाहीं.

परंतु ऊंस शेतांत वर्ष दीड वर्ष उभा असतो. तो माणसाच्या डोक्यावर जातो, त्यांत गारवा असतो, पाणी जवळ असतें, आणि रानडुकरें, कुत्रीं, शेळ्या यांची वाण नसते. बिबट्यास यापरतें दुसरें कोणतें रान हवें? आज आपल्या भागांतील कित्येक बिबटे उंसांतच जन्मतात व उंसांतच वाढतात. आणि आपलीं घरें तरी कोठें आहेत? बरींचशीं गांवठाण सोडून मळ्यांत, त्याच उंसाच्या बांधावर. बिबट्या शेजारी आहे, पाहुणा नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

हा शेजारी स्वभावतः माणसास टाळतो. ताठ उभा राहून चालणारा माणूस त्यास आपलें भक्ष्य वाटत नाहीं. परंतु गवत कापण्यास ओणवें झालेलें, किंवा शेताच्या कडेस बसलेलें माणूस त्यास निराळें दिसतें. आणि ज्याची उंची शेळीहून फारशी अधिक नाहीं अशा एकट्या मुलास तर धोका सर्वांत अधिक. आतां सुटीचा काळ पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत दिवस लहान होत जातात. कारखान्यांचा हंगाम सुरू होऊन उंसाची तोड लागते, आणि ज्या आडोशास बिबट्या निर्धास्त होता तो आडोसा एकाएकीं नाहींसा होतो. नेमकें त्याच वेळीं शाळा बंद होते. चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळ चालतो. शेतीची वीज रात्रीं आली तर बापाबरोबर पाणी धरण्यास मूलही निघतें. शेजारच्या मळ्यांत फराळाचें ताट पोंचविण्यास धाकट्यासच धाडलें जातें. शाळेच्या दिवसांत मूल कोठें आहे हें घड्याळ सांगतें. सुटींत तें कोणासच ठाऊक नसतें.

२०२५ सालीं या गोष्टीची प्रचीति फार कठोरपणें आली. आंबेगांवास लागून असलेल्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले: एक लहान मुलगी, एक वृद्ध स्त्री आणि तेरा वर्षांचा एक मुलगा. त्या तीन आठवड्यांच्या मधोमध दिवाळी होती. मुलांवरील हल्ले दिवसाढवळ्या झाले होते. तेव्हांपासून आमच्या पत्रकांतील ओळ थोडी लांबली आहे: “दिवसाही मूल उंसाच्या कडेनें एकटें जाऊं नये.” एवढे चारदोन शब्द वाढविण्यास काय किंमत पडली, तें त्या गांवच्या आईबापांस विचारावें.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळीं एकेका घरीं जमून प्रार्थना करण्याची आपल्या कुटुंबांची चांगली चाल आहे, आणि ती सोडावी असें शाळा कधींही म्हणणार नाहीं. मात्र जातांना सर्वांनीं मिळून जावें, लहानांस मध्यें घ्यावें, विजेरी बाळगावी आणि मोठ्यानें गाणीं म्हणत चालावें. माणसांचा आवाज ऐकला कीं बिबट्या बहुधा वाट सोडतो. म्हणजे भजनानें भजनही होतें व राखणही. याच महिन्याच्या २ तारखेस राखणदार देवदूतांचा सण असतो. त्या दिवशीं धर्मशिक्षणाच्या तासास दुसरींतील एका मुलीनें विचारलें, “देवदूताजवळ बॅटरी असते का?” वर्ग हंसला. प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. देवदूत रक्षण करतो अशी आपली श्रद्धा आहे. पण घरापुढील दिवा लावणें, अंगणालगतचें गवत कापणें आणि मुलाचा हात धरणें हें काम त्यानें आईबापांकडे सोंपविलें आहे.

“सारे बिबटे धरून दूर कां नेत नाहींत?” असें पालक रागानें विचारतात, आणि तो राग समजण्यासारखा आहे. २००१ ते २००३ या काळांत जुन्नर भागांत पुष्कळ बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडले होते. विद्या अथ्रेया व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा अभ्यास केला; तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें हे बिबटे सोडले त्या भागांत माणसांवरील हल्ले वाढले, असें त्यांत दिसून आलें. ओळखीचें रान सुटलेला प्राणी बावरतो, आणि एकाच्या दारचें संकट दुसऱ्याच्या दारीं जातें. जे सोडण्यासारखे नाहींत अशांस माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रांत ठेवतात. परंतु सर्वांस पुरेल एवढी जागा तेथें कोठून असणार? म्हणून सरकारनें आपलें काम करावें हें खरें, तरी घरचें काम घरासच करावें लागतें.

तोड चालू असतां उंसांत मांजराएवढे बछडे सांपडतात. मुलांनीं त्यांस हात लावूं नये, घरीं आणूं नये, त्यांच्यासमवेत छायाचित्र काढूं नये. लगेच मोठ्यांस व वनखात्यास कळवावें. वनखात्याचीं माणसें ते बछडे सांपडल्या जागींच पेटींत ठेवतात, आणि बहुतेक वेळां रात्रीं आई येऊन त्यांस घेऊन जाते. ही हकीकत वर्गांत सांगितली म्हणजे मुलें क्षणभर गप्प होतात. मूल हरवलेल्या आईचें दुःख त्यांस लगेच कळतें.

आपल्या तालुक्यांच्या पश्चिमपट्ट्यांतील महादेव कोळी बांधव दिवाळीच्या आरंभीं, आश्विन वद्य द्वादशीस, वाघबारस पाळतात. गुरें राखणारीं माणसें त्या दिवशीं वाघदेवाची पूजा करतात. आपला धर्म निराळा आहे. परंतु वाघाशेजारीं राहावयाचें तर कांहीं मर्यादा पाळावी लागते, हें जें शहाणपण त्या सणांत आहे, तें कोणीही शिकण्यासारखें आहे.

पत्रकांतील दुसरी ओळ पाण्याविषयीं: “कालवा, विहीर, शेततळें यांच्या कांठीं मोठ्या माणसाशिवाय जाऊं नये.” ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें गांव आज डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे, आणि तालुक्याचा कारभार घोडेगांवीं चालतो. ज्या पाण्यानें सबंध गांव पोटांत घेतलें, तें एका मुलास कितीसें जुमानणार? कालव्याचें पाणी वरून शांत दिसतें, परंतु त्यास ओढ असते, आणि अस्तरीकरण झालेल्या काठावर हातास धरण्यास कांहीं मिळत नाहीं. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून तर पोहणाऱ्याचाही पाय घसरतो. बुडणाऱ्यामागून उडी टाकूं नये. दोर, काठी किंवा साडी फेंकावी व ओरडावें. ही गोष्ट प्रत्येक आईबापांनीं सुटीच्या पहिल्याच दिवशीं मुलांकडून बोलून घ्यावी.

तिसरी ओळ आपल्या मुलांविषयीं नाहीं. दिवाळी होतांच बीड, अहिल्यानगर व इतर जिल्ह्यांतून उंसतोडणी कामगार आपल्याकडे येतात आणि शेताच्या कडेस कोप्या घालतात. त्यांचीं मुलें आपल्या मुलांएवढींच असतात. आपली शाळा सुटीनंतर उघडते. त्यांची सुटींत सुटते ती कित्येकदां पुन्हां भेटत नाहीं. पहांटे आईबाप फडांत गेले, कीं थोरली बहीण धाकट्यास घेऊन कोपीशीं बसते. पातळ ताडपत्रीची ती कोपी उंसास जवळजवळ टेकलेली असते. बिबट्याचें भय आपणांस जेवढें, त्याच्या कितीतरी पट त्या मुलांस. म्हणून पत्रकांत लिहिलेलें असतें: “आपल्या शेतांत तोड चालू असल्यास कोप्या उजेडाच्या जागीं घालूं द्याव्या, दिवसा त्या मुलांस आपल्या अंगणांत बसूं द्यावें, आणि जवळच्या शाळेंत त्यांचें नांव घालण्यास साह्य करावें.” सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेंत बसण्याचा हक्क २००९ च्या कायद्यानें दिला आहे, पण त्या मुलाचा हात धरून शाळेच्या दारापर्यंत कोण नेणार, हें कायदा सांगत नाहीं. नाताळांत आपण गोठ्यांत जन्मलेल्या बाळाची पूजा मांडतों. उतरण्यास जागा न मिळालेलें तें कुटुंब आपल्याच बांधावर असेल, तर त्यास ओळखण्याचा अभ्यास नाताळापूर्वींच झाला पाहिजे.

आतां अभ्यासाचें निघालेंच आहे, तर शेवटची ओळ सांगतों. “सुटींत पाढे पाठ करावे आणि जमल्यास घरच्यांबरोबर नाणेघाट पाहावा.” या दोहोंचा संबंध काय, असें पुष्कळजण विचारतात. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहनांच्या राणीचा म्हणून प्रसिद्ध असलेला सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा लेख आहे. यज्ञप्रसंगीं दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणीं यांच्या संख्या त्यांत अंकांनीं कोरल्या आहेत. भारतांतील फार जुन्या अंकांपैकीं ते अंक आपल्या जुन्नर तालुक्यांत आहेत. जें मोलाचें असतें तें मनुष्य मोजून ठेवतो.

शाळाही मोजते. तिच्यापाशीं गाई नाहींत, घोडे नाहींत, नाणीं तर नाहींतच; हजेरीपट मात्र आहे. सत्राच्या शेवटच्या दिवशीं जितकीं नांवें पुकारलीं, तितक्यांनीं दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशीं “हजर” म्हणावें, एवढ्यासाठींच हें सारें सूचनापत्रक आहे. गुण कमी पडले तर पुढील परीक्षेंत भरून काढतां येतात. गुंडी तुटली तर शिवतां येते. छत्री हरवली तर नवी मिळते. हजेरीपटावरील नांवाची गोष्ट तशी नाहीं. तेव्हां पालकहो, या खेपेस पत्रक घरीं येईल तेव्हां तें मुलांकडूनच मोठ्यानें वाचून घ्यावें, आणि बाळांनो, तुम्हीं आईबापांस त्याची आठवण द्यावी. सुटी आनंदाची जावो, फराळ यथेच्छ होवो, आणि ईश्वरकृपेनें आपण सारे पुन्हां भेटूं. आलीच तर पटावर चारदोन नवीं नांवें अधिक येवोत, कमी एकही न होवो.