‘तू बस बाळा’ म्हणण्याआधी



आज पाठ नाही, स्वाध्यायही नाही. आज एका मुलाबद्दल आणि एका गावाबद्दल लिहिते आहे. मुलगा माझ्या वर्गातला. गाव आपल्या विदर्भातलंच, वरोऱ्याजवळचं आनंदवन. या दोघांनी मिळून माझी एक सवय मोडली. तीच सवय तुम्हालाही असेल असं वाटतं, म्हणून सांगते.

मी पवनी तालुक्यात कोंढ्याला राहते आणि जवळच्याच एका खेड्यातल्या शाळेत तिसरीला शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. जन्मापासून त्याचा उजवा हात आणि उजवा पाय नीट काम करत नाही. बोलतो हळू, पण बोलतो नेमकं. परिपाठाला सगळी मुलं उभी राहिली की मी म्हणायची, “तू बस बाळा.” झाडांना पाणी घालायचं असलं की, “तू बस.” सहल, कवायत, फळा पुसणं, सगळ्याला एकच वाक्य. मला वाटायचं, मी किती प्रेमाने वागते!

रोवणीचे दिवस होते. एका सकाळी त्याचे वडील चिखलाच्या पायांनीच शाळेत आले. बराच वेळ दारात उभे राहिले आणि मग म्हणाले, “मॅडमजी, ते वरोऱ्याचं आनंदवन हाय ना, तिथं ह्याले ठेवता येते का जी? आम्ही दोघंही दिवसभर बांधीत. अन् आमच्या मागं ह्याले कोन पाहीन?”

मला उत्तर देता आलं नाही. डीएडला असताना समावेशित शिक्षणाची व्याख्या मी तोंडपाठ केली होती, परीक्षेत मार्कही चांगले पडले होते. पण त्या माणसापुढे त्या व्याख्येचा काही उपयोग नव्हता. “मी चौकशी करते,” एवढंच म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन-तीन शिक्षिका मिळून आनंदवनाला गेलो. निघताना घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईने हळूच सांगितलं, “तिथं काही खाऊ-पिऊ नको बरं.” मी हसले खरी, पण ते वाक्य पवनी, भिवापूर, चिमूर करत वरोऱ्यापर्यंत माझ्यासोबत आलं, हे कबूल करते.

आनंदवनाची गोष्ट आपण मुलांना सांगतोच. बाबा आमटे वरोऱ्याला वकिली करत होते. रस्त्याच्या कडेला पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि ते घाबरून तिथून निघून गेले. स्वतःच्या त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. मग ते कुष्ठरोगावरचे उपचार शिकायला कोलकात्याला गेले. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. 1951 साली विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाची सुरुवात झाली. बाबा, साधनाताई, लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. जमीन मिळाली तीही खडकाळ आणि झुडपांनी भरलेली. त्यांनी आधी विहीर खोदायला घेतली.

वर्गात सांगताना मी इथे थांबायची आणि म्हणायची, “पाहा मुलांनो, किती मोठी सेवा!” तिथे गेल्यावर कळलं की मी गोष्टीतला महत्त्वाचा भाग गाळत होते. विहीर रुग्णांनी स्वतः खोदली होती. बोटं झडलेल्या हातांनी त्यांनी शेत पिकवलं. सुरुवातीला त्यांची भाजी कुणी विकत घेत नव्हतं. पुढे वरोऱ्याच्या परिसरातल्या मुलांना महाविद्यालय नव्हतं, तेव्हा 1964 साली आनंदवनाच्या जमिनीवर आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालं. ज्यांना गावांनी हाकललं, त्यांच्याच वसाहतीत गावांची पोरं शिकायला येऊ लागली. सांगा, यात सेवा कोणी कोणाची केली?

आज तिथे फक्त कुष्ठरोगातून बरे झालेले लोक नाहीत. अंध मुलांची शाळा आहे, मूकबधिर मुलांची शाळा आहे, अपंगांना काम शिकवणारं संधिनिकेतन आहे. हातमाग, सतरंज्या, शुभेच्छापत्रं, सुतारकाम, शेती, दूध असं सगळं चालतं. स्वरानंदवन नावाचा तिथला वाद्यवृंद तर गावोगावी कार्यक्रम करतो. ज्याला जे जमतं ते त्याचं काम. सकाळ झाली की माणसं कामाला निघतात, दुपारी जेवायला बसतात, संध्याकाळी ओट्यावर गप्पा मारतात, आणि भांडतातही. अगदी आपल्या गावासारखंच.

विणकाम विभागात एक आजोबा मागावर बसले होते. हाताची बोटं अर्धीच उरलेली. धागा तुटला तेव्हा मी पटकन पुढे झाले आणि म्हणाले, “आजोबा, मी बांधून देऊ का?” ते म्हणाले, “द्या की.” मी बांधायला गेले. धागा माझ्याच्याने दोनदा सुटला, तिसऱ्यांदा गाठ जाड झाली. आजोबा शांतपणे म्हणाले, “एवढी मोठी गाठ चालत नाही बाई. तुम्ही नुसतं टोक धरा.” मी टोक धरून उभी राहिले. त्यांनी तळहात आणि उरलेली बोटं वापरून बारीक गाठ मारली आणि माग पुन्हा सुरू केला.

खरं सांगू? माझ्या हातांची दहाही बोटं शाबूत, आणि तिथे मदतीची गरज मला होती. त्यांनी मला ‘तू बस बाई’ म्हटलं नाही. मला जमेल तेवढं काम दिलं.

दुपारी तिथेच जेवलो. वरण, भात, भाजी. पहिला घास घेताना ते घरचं वाक्य आठवलं, आणि मग विसरले. पालकांसाठी इथे मुद्दाम लिहिते. कुष्ठरोग एका जंतूमुळे होतो. तो शाप नाही, पापाचं फळ नाही. बहुविध औषधोपचाराने तो सहा महिन्यांत किंवा वर्षभरात पूर्ण बरा होतो, आणि ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार सुरू झाले की थोड्याच काळात रुग्णाकडून लागण होण्याचं थांबतं. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, दाखवा. उशीर झाला तर हातपाय निकामी होऊ शकतात.

परतताना गाडीत मी त्या वडिलांच्या प्रश्नाचा विचार करत होते. आनंदवनात इतकी माणसं कायमची का राहिली? औषधाने ती बरी झाली होती, घरी जाऊ शकत होती. पण अनेकांसाठी घराची दारं उघडलीच नाहीत. म्हणून त्यांनी स्वतःचं गाव वसवलं. म्हणजे आनंदवन जितकं आनंदाचं आहे, तितकाच तो आपल्या गावांना विचारलेला प्रश्नही आहे. आणि मी काय करणार होते? ज्या पोराला आईबाप आहेत, वर्ग आहे, मित्र आहेत, त्याला शंभर किलोमीटर दूर पाठवण्याची चौकशी!

गैरसमज नको. ब्रेल किंवा सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या निवासी शाळांची गरज आहेच. काही घरांना दुसरा मार्गच नसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. त्यात कुष्ठरोगातून बरे झालेलेही आहेत. ज्यांची दिव्यांगता 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे अशा 6 ते 18 वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे. निवड मुलाच्या गरजेने व्हावी. आपल्याला जमत नाही म्हणून होऊ नये.

सुट्टीनंतर मी त्याला काम दिलं. रोज सगळ्या वर्गांत जायचं, हजर मुलं मोजायची आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आकडा सांगायचा. त्यावरूनच त्या तांदूळ काढतात. दुसरं कुणी असतं तर पाच मिनिटांचं काम. त्याला वीस मिनिटं लागायची.

तिसऱ्याच दिवशी आकडा चुकला. भात कमी पडला, पुन्हा चूल पेटवावी लागली. ताई वैतागल्या. एक सहकारी म्हणाले, “मॅडम, कायले त्या पोराला त्रास देता?” माझ्याही तोंडावर ते जुनं वाक्य आलं होतं. पण मागावरचे आजोबा आठवले आणि मी गप्प बसले. त्यालाच विचारलं, “आता काय करायचं?”

दुसऱ्या दिवशी तो खिसाभर चिंचोके घेऊन आला. एक मूल दिसलं की एक चिंचोका डाव्या हाताने खिशातून काढून पिशवीत टाकायचा. शेवटी पिशवीतले चिंचोके दहा-दहाच्या ढिगांनी मोजायचे. दशक-एकक मी त्याला फळ्यावर शिकवलं होतं. ते त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर वापरलं. त्यानंतर चूक क्वचितच झाली.

मागच्या महिन्यात तापामुळे तो दोन दिवस आला नाही. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमारास ताई माझ्या वर्गाच्या दारात आल्या. हातात रिकामं पातेलं. म्हणाल्या, “मॅडम, आज माझा हिशोबनीस कुठं हाय? तांदूळ किती टाकू?”

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले आणि हे त्याच्या वडिलांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पोराच्या अंगावरची चादर सारखी केली आणि मला चहा विचारला. “आमच्या मागं ह्याले कोन पाहीन?” या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून माझ्याकडे नाही. त्यांच्याकडेही नाही. पण त्या दिवशी शाळेत कोणीतरी त्याची वाट पाहत होतं, एवढं खरं.

शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात गेलात की जरा पाहा. तुमच्याही वर्गात एखादं मूल असेल, ज्याला तुम्ही रोज मायेने बसवून ठेवता. पालकहो, तुमच्या घरातही असेल. त्याला एक काम द्या. असं काम, जे त्याने केलं नाही तर दुसऱ्या कुणाचं तरी अडेल. चुकलं तर लगेच काढून घेऊ नका.

तुम्ही कोणतं काम दिलंत, ते मला नक्की कळवा.