ओव्हलवर झोपलेला कर्णधार

२०२१च्या सप्टेंबरात भारतानं ओव्हलवर कसोटी जिंकली, तेव्हा नातू मोबाइल घेऊन माझ्या खोलीत धावत आला. ‘आजोबा, पन्नास वर्षांनी!’ पडद्यावर कर्णधार कोहली प्रत्येक विकेटला हवेत झेपावत होता. त्याचं ते पेटून उठणं मला आवडतं. पण मला आठवली ती गिरगावातली आमची चाळ, १९७१ची गणेश चतुर्थी आणि एक झोपलेला कर्णधार.

तारीख २४ ऑगस्ट. संध्याकाळची आरती खोळंबली होती, कारण निम्मी चाळ एका रेडिओभोवती कोंडाळं करून बसलेली. शॉर्टवेव्हवर बीबीसी लागे आणि मधेच खरखरीत बुडून जाई. शेजारचे एक मास्तर कान लावून ऐकत आणि आम्हा पोरांना मराठीत सांगत. आदल्या दिवशी चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१मध्ये गुंडाळला होता. जिंकायला १७३ हव्या होत्या. शेवटच्या सकाळी २ बाद ७६वरून खेळ सुरू झाला आणि एकाही धावेची भर न पडता अजित वाडेकर ४५वर धावबाद झाले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. अखेर आबिद अलीचा विजयी फटका बसला आणि त्या दिवशी आरतीत झांजा जेवढ्या जोरात वाजल्या, तेवढ्या पुन्हा वाजलेल्या मी ऐकल्या नाहीत.

वाडेकर तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये झोपले होते. इंग्लंडचे माजी फलंदाज केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवून सांगितलं की तुम्ही जिंकलात. इंग्लंडमध्ये भारतानं जिंकलेली ती पहिलीच कसोटी! बाद होऊन परतल्यावर गॅलरीत नखं खात बसण्यापेक्षा आपल्या माणसांवर सोपवून आडवं व्हायचं, याला मी उच्च प्रतीचं नेतृत्व म्हणतो. आज कर्णधाराच्या चेहऱ्यावर चोवीस कॅमेरे रोखलेले असतात, त्याला हे सुख कोण देणार?

‘नशीबवान कर्णधार’ हा शिक्का वाडेकरांवर तेव्हापासून बसला तो बसलाच. कारण सरळ होतं. निवड समितीत मतं समसमान पडली, विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं पतौडींच्या जागी वाडेकर आले. गावसकर वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा करून गेला, फिरकी बहरात होती. मग कर्णधारानं केलं काय, असं लोक विचारत. मला हा प्रश्न आजही बोचतो.

त्याच वेस्ट इंडीज दौऱ्यातली किंग्स्टनची कसोटी पाहा. पहिला दिवस पावसानं गेला. सामना चार दिवसांचा झाल्यामुळे फॉलोऑनसाठी दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरेशी होती. सरदेसाईंच्या २१२मुळे आपण ३८७ केल्या, वेस्ट इंडीज २१७मध्ये आटोपलं. वाडेकर त्यांचा कर्णधार सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि शांतपणे सांगितलं, तुम्हाला पुन्हा फलंदाजी करायची आहे. सामना अनिर्णित राहिला, पण ज्यांना आपण तोवर एकदाही हरवलं नव्हतं, त्यांच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्याच कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, चेंडू सलीम दुराणींकडे गेला. सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडाला, लॉइडचा झेल खुद्द वाडेकरांनी घेतला. नियम पाठ असणं आणि योग्य घडीला योग्य माणसाच्या हाती चेंडू देणं हे नशिबानं होत नसतं.

फलंदाज म्हणून तर ते आणखीच मागे पडले. रणजीत म्हैसूरविरुद्ध ३२३, प्रथम श्रेणीत पंधरा हजारांवर धावा, तिसऱ्या क्रमांकाचा डावखुरा. कसोटीत मात्र शतक एकच, १९६८मध्ये वेलिंग्टनला १४३. लीड्सला ९१, मेलबर्नला ९९, लॉर्ड्सला ८५ या खेळ्या कोणी मोजत नाही. हेल्मेट नव्हतं, परदेशच्या ओल्या खेळपट्ट्या होत्या, आणि सरासरी ३१ची. आजच्या पोराला ती फिकी वाटते. त्यानं ती तेव्हाच्या धावफलकांशेजारी ठेवून पाहावी.

लोकांचा राग मात्र तेव्हाही आजच्यासारखाच होता. आज पराभवानंतर रात्रभर समाजमाध्यमांवर शिव्या पडतात. १९७४मध्ये लॉर्ड्सला आपण ४२मध्ये गारद झालो, मालिका ०-३ अशी गेली, तेव्हा वाडेकरांच्या घरावर दगड पडले. तीन वर्षांपूर्वी याच मुंबईनं त्यांची उघड्या गाडीतून मिरवणूक काढली होती. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं. तेहतिसाव्या वर्षी त्यांनी बॅट खाली ठेवली, ती कोणाविरुद्ध जाहीर आदळआपट न करता. स्टेट बँकेतली नोकरी होतीच. नव्वदच्या दशकात अझरुद्दीनच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून ते परतले आणि मायदेशात तो संघ जिंकत राहिला.

१५ ऑगस्ट २०१८ला ते गेले. ओव्हलवरचा दुसरा विजय पाहायला आणखी तीन वर्षं राहिले असते तर!

नातवानं परवा विचारलं, तुमचे वाडेकर किती कसोट्या जिंकले? सोळा कसोट्यांत चार जिंकले, चार हरले. जिंकले ते पोर्ट ऑफ स्पेन, ओव्हल, कलकत्ता आणि मद्रास इथं. त्यांतून तीन मालिका आल्या, ओळीनं.